उचल त्यांची आणि उचल आमची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. धंदेवाल्याला आगाऊ दिलेले आणि त्याने अडकवून ठेवलेले पैसे परत कसे मिळवावेत, हा प्रश्न वकिलाच्या कचेरीत विचारावयाचा. समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात त्याचे काय काम, असे कोणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. ग्राहकांचे प्रश्न म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गाची कुरकूर, अशी एक समजूत आपल्या चळवळीत फार दिवस नांदत आली आहे. परंतु तिला छेद देणारी परंपराही आपलीच आहे. १९७२ साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन मोर्चे काढले. कारखान्याच्या दाराशी झगडून मिळविलेली वेतनवाढ वाण्याच्या दुकानात चार महिन्यांत विरून जाते, हे घर चालविणाऱ्या स्त्रीला कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय कळत होते. आज मी जो प्रश्न मांडणार आहे तो त्याच प्रश्नाचा एक दुर्लक्षित भाग आहे.

आगाऊ रकमेचे खरे स्वरूप

प्रथम आगाऊ रक्कम म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. शिकवणी वर्गाचे दोन वर्षांचे शुल्क, सोनाराकडील भिशीचे हप्ते, यात्राकंपनीला भरलेले पैसे, मंगल कार्यालयाचे आरक्षण, सदनिकेची नोंदणी रक्कम, यंत्रासाठी दिलेला विसार, या सर्वांत एक गोष्ट समान आहे. पैसा आज हातातून जातो. वस्तू अथवा सेवा उद्या, परवा किंवा दोन वर्षांनी मिळावयाची असते. मधल्या काळात तो पैसा धंदेवाल्याच्या ताब्यात राहतो, तो त्याचे भांडवल म्हणून वापरतो. आपण याला खरेदी म्हणतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते कर्ज आहे, आणि कर्जाचा इतका विलक्षण प्रकार दुसरा नाही.

बँक त्याच धंदेवाल्याला कर्ज देताना काय करते? तारण घेते, जामीनदार मागते, ताळेबंद तपासते, व्याज आकारते, हप्ता चुकल्यास दंड लावते. ग्राहक यांपैकी काहीही करीत नाही. त्याचे कर्ज बिनव्याजी असते, विनातारण असते, आणि बहुधा एका छापील कागदाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे लिहिलेले असते. म्हणजे आपण कर्ज देतो, आणि कर्ज घेणारा आपल्याला सांगतो की ते फेडण्यास तो बांधलेला नाही!

आता याच माणसाची दुसरी बाजू पाहा. आपला ग्राहक बहुधा कुठेतरी श्रम करणारा असतो. तो महिनाभर काम करतो आणि पगार महिना भरल्यावर मिळतो. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात हे दाखवून दिले आहे की, मजुरी काम झाल्यानंतर दिली जाते, म्हणून तेवढ्या काळापुरता कामगारच भांडवलदाराला उधारी देत असतो; आणि मालकाचे दिवाळे निघाले की ही उधारी बुडते. श्रम विकताना माल आधी आणि पैसा मागून. वस्तू विकत घेताना पैसा आधी आणि माल मागून. श्रमिक माणूस दोन्ही टोकांना धनको आहे. पण सावकाराला समाजात जो दरारा असतो त्याचा अंशही त्याच्या वाट्याला येत नाही.

मराठवाड्यातील साथींना हे एका शब्दात सांगता येईल. तो शब्द म्हणजे ‘उचल’. ऊसतोडणीच्या हंगामापूर्वी मुकादम मजूर जोडप्याला उचल देतो. ती उचल फिटेपर्यंत तो कोयता त्याचा. मजूर आजारी पडला तरी खाडा कापला जातो. हंगाम संपूनही उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला ती बोकांडी बसतेच. पैसे घेऊन मजूर आला नाही तर त्याला शोधून आणले जाते, डांबून ठेवल्याच्याही घटना घडतात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तरीही मुकादमाला आपली उचल वसूल करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. आणि याच मजुराच्या भावाने तालुक्याच्या गावी मुलाच्या शिकवणीसाठी भरलेली आगाऊ रक्कम, म्हणजे गरिबाने धंद्याला दिलेली उचल, बुडाली तर? त्याने अर्ज करावयाचा, तारखेला हजर राहावयाचे आणि वाट पाहावयाची. पैसा दोन्हीकडे आगाऊच दिलेला असतो. फरक एवढाच की, एक उचल देणाऱ्याच्या मागे सत्ता आहे, दुसऱ्याच्या मागे नाही. आजच्या विषयाचे सार हेच आहे.

ज्यांनी मागितले त्यांना मिळाले

आगाऊ रकमेला संरक्षण देता येत नाही, ती व्यवहाराची रीतच आहे, असे आपल्याला सांगितले जाते. ते खरे नाही. घरबांधणीचा इतिहास पाहा. महाराष्ट्राच्या १९६३ सालच्या मालकी सदनिकांच्या कायद्याने असे ठरविले की, किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक नसलेली आगाऊ रक्कमसुद्धा लेखी व नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने स्वीकारू नये. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्याने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली आणि त्याहून महत्त्वाची एक तरतूद केली : खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवली पाहिजे, आणि ती केवळ त्या प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी काढली पाहिजे. मुदतीत ताबा दिला नाही तर व्याजासह परतावा, आणि बिल्डरने तो दिला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. याचे कारण काय? हजारो सदनिका-खरेदीदार एकत्र आले, मोर्चे निघाले, न्यायालये गाजली. त्यांची रक्कम मोठी होती आणि आवाजही मोठा होता.

या उलट सोनाराकडील भिशी घ्या. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दरमहा पाचशे-हजार रुपये भरतात. या योजना बहुधा अकरा हप्त्यांच्याच का असतात, याचा विचार आपण केला आहे काय? २०१४ सालच्या कंपन्यांच्या ठेवींविषयीच्या नियमांनुसार, माल देण्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालापोटी वळती केली तर ती ‘ठेव’ समजली जात नाही. ठेव नाही म्हणजे ठेवींवरील बंधनेही नाहीत! वर्षाच्या आत हिशेब संपविला की पैसा कायद्याच्या चाळणीतून अलगद निसटतो. दुकान बंद पडल्यावर मात्र त्या स्त्रिया पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या राहतात. महाराष्ट्रात १९९९ सालचा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करता येते आणि अशा प्रकरणांत त्याचा उपयोगही झाला आहे. पण तो उपाय घर जळाल्यावर विहीर खणण्यासारखा आहे.

शिकवणी वर्गांचीही हीच गत. २०२५ च्या जानेवारीत उत्तर भारतातील अनेक शहरांत एका मोठ्या शिकवणी संस्थेची केंद्रे सत्राच्या मध्येच बंद झाली आणि पालक भरलेल्या शुल्काच्या पावत्या घेऊन हिंडू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली होती. संपूर्ण शुल्क भरून विद्यार्थी मध्येच वर्ग सोडून गेला तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात रक्कम दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. तत्त्व उत्तम आहे. पण मार्गदर्शक तत्त्वांना दात नसतात. ते राज्यांच्या कायद्यांनी बसवावयाचे असतात.

छोटे न्यायालय कोणाचे?

आता न्यायालयाकडे वळू. छोट्या रकमांसाठी छोटी न्यायालये ही कल्पना आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत आली. मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा-शहरांतील लघुवाद न्यायालयांचा कायदा १८८२ चा, इतर प्रांतांचा १८८७ चा. मुंबईचे लघुवाद न्यायालय आजही उभे आहे, जरी आता त्याची ओळख मुख्यतः भाड्याच्या जागांच्या दाव्यांसाठी आहे. परंतु झटपट चालणाऱ्या दिवाणी न्यायाचा फायदा त्या काळी कोणाला झाला? ज्याच्याकडे लेखी कागद होता त्याला, म्हणजे सावकाराला. दख्खनच्या शेतकऱ्याला न्यायालय ठाऊक होते ते समन्स, एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती या रूपांत. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, ती मुख्यतः कर्जरोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यासाठी. तो राग जसा सावकारावर होता, तसाच त्याच्या हातातील कागदावर आणि त्या कागदाला डोळे मिटून मान देणाऱ्या न्यायावरही होता.

त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. त्यातील एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते. न्यायाधीशाने केवळ रोख्यावर विसंबू नये. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा संपूर्ण इतिहास तपासावा, मूळ मुद्दल किती आणि व्याज किती याची फोड करावी, असे त्या कायद्याने सांगितले. सही केली म्हणजे सारे संपले, हे दिवाणी न्यायाचे ब्रीद तेथे प्रथमच ढळले.

याच तत्त्वाचा वारसा, माझ्या मते, ग्राहक संरक्षण कायद्याने पुढे चालविला आहे. पहिला कायदा डिसेंबर १९८६ चा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. जिल्हा ग्राहक आयोग हे आज सामान्य माणसाचे खरे लघुवाद न्यायालय आहे, आणि तेथे, इतिहासात क्वचितच घडते तसे, तक्रारदार हा दुबळा धनको आणि जाब देणारा हा सबळ ऋणको असतो. रोख्याच्या मागे जाण्याचे एक ताजे उदाहरण सांगतो. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बिल्डरच्या कराराचे एक प्रकरण आले. खरेदीदाराने हप्ता चुकविला तर त्याने १८ टक्के व्याज द्यावयाचे, आणि बिल्डरला पैसे परत करावे लागले तर त्याने ९ टक्के द्यावयाचे, असा तो करार होता. न्यायालयाने सांगितले की, असा एकतर्फी करार लादणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि खरेदीदार त्याने बांधला जात नाही. तेव्हा ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही छापील ओळ म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे आपण गावोगाव सांगितले पाहिजे. सेवेत उणीव असूनही पैसे परत करण्यास नकार देणे हीच मुळी कायद्याच्या व्याख्येत अनुचित प्रथा आहे.

वसुलीची वाट

ही वाट कशी चालावयाची, ते कार्यकर्त्यांना तपशीलवार ठाऊक हवे.

पहिले काम कागदांचे. पावती, जाहिरातीचे पत्रक, माहितीपुस्तिका, बँकेचे किंवा मोबाइलवरून पैसे पाठविल्याचे उतारे, संदेशांची देवाणघेवाण, हे सर्व तारीखवार लावावे. रोख पैसे दिले आणि पावती घेतली नाही, हे आपल्या माणसांचे सर्वांत मोठे दुबळेपण आहे. तेव्हा वस्तीत सर्वप्रथम रुजवावयाची सवय ती पावती मागण्याची.

दुसरे काम मागणीपत्राचे. किती रक्कम, कोणत्या तारखेला, कशासाठी दिली. काय मिळावयास हवे होते. काय मिळाले नाही. आणि अमुक दिवसांत अमुक रक्कम परत करावी, एवढेच त्यात असावे. भाषा संयमाची, आकडे चोख. पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवावे आणि प्रत जपून ठेवावी. शिव्याशापांनी भरलेल्या चार पानांपेक्षा असे अर्धे पान अधिक वजनदार ठरते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांकावरही तक्रार नोंदवावी. पुष्कळ धंदेवाले या टप्प्यावरच तडजोडीस येतात. कारण ग्राहक थकून गप्प बसेल हाच त्यांचा हिशेब असतो, आणि पत्राने तो हिशेब चुकतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे गेले पाहिजे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनावर ही मुदत थांबत नाही. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण तो आयोगाचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे.

तिसरा टप्पा तक्रार दाखल करण्याचा. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर कसलेही शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. धंद्याची कचेरी दिल्लीत असो की बंगळुरात, तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. तक्रारदाराला स्वतः बोलता येते. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत म्हणणे दिले पाहिजे. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केले आहे. आदेशाविरुद्ध अपील करावयाचे तर विरुद्ध पक्षाला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जुन्या कायद्यात निम्मी रक्कम किंवा २५,००० रुपये यांपैकी जी कमी ती भरून भागत असे. आता ती पळवाट बुजली आहे.

‘मी धंद्यासाठी यंत्र घेतले, मग मी ग्राहक कसा,’ असा प्रश्न आपल्या वस्तीत येईल. समजा, एखाद्या भगिनीने शिवणयंत्रासाठी १८,००० रुपये आगाऊ भरले आणि यंत्र आलेच नाही. ती त्या यंत्रावर स्वतः शिवून पोट भरणार असेल तर कायदा तिला ग्राहकच मानतो. नफ्यासाठी चालणारा व्यापार आणि उपजीविकेसाठी स्वतः केलेले काम यांत कायद्याने केलेला हा भेद आपल्या विचारांना जवळचा आहे. तसेच, शिक्षणसंस्था या कायद्याखाली येत नाहीत असे राष्ट्रीय आयोगाने २०२० साली ठरविले असले, तरी खाजगी शिकवणी वर्गांना त्याच निर्णयाने त्या सवलतीतून वगळले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

हुकूमनाम्यापुढचे डोंगर

येथवरचे चित्र आशादायक आहे. पण आपण कार्यकर्ते आहोत. आपणास डोंगर दुरून साजरे दिसून चालणार नाही.

पहिला डोंगर विलंबाचा. नोटीस पोहोचल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात. अध्यक्ष व सदस्यांची पदे रिकामी ठेवून सरकारेच या न्यायाचा गळा आवळतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला या रिकाम्या पदांची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यातच सर्व आले. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेला रोज. शुल्क माफ असलेला न्यायही त्याला फुकट मिळत नाही.

दुसरा डोंगर अंमलबजावणीचा. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असे नव्हे. त्यानंतर दरखास्त करावी लागते. कायद्याच्या शब्दांतील एक चूक काय करू शकते पाहा. २००३ साली अमलात आलेल्या दुरुस्तीमुळे जुन्या कायद्याच्या कलम २५ ची शब्दरचना अशी झाली की, अंतरिम आदेशाची अंमलबजावणी स्पष्ट राहिली, पण अंतिम आदेशाविषयी शंका उत्पन्न झाली. रकमेच्या वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठविण्याची वाट होती. पण खरेदीखत करून द्या, काम पूर्ण करा, अशा आदेशांचे काय? २० जुलै २०२० पर्यंतच्या आदेशांवर हे सावट राहिले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये, पुण्यातील एका सहकारी गृहरचना संस्थेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम ‘कोणताही आदेश’ असे वाचावे असा निर्णय दिला. चूक दुरुस्त होण्यास बावीस वर्षे लागली. नव्या कायद्यात आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अमलात येतो, बँक खाती व मालमत्ता जप्त करता येतात, आणि आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही हत्यारे आहेत. ती चालविण्यास चिकाटीचा माणूस पाठीशी हवा.

तिसरा डोंगर सर्वांत उंच. धंदाच नादार झाला तर? मे २०२३ मध्ये ‘गो फर्स्ट’ या विमान कंपनीने उड्डाणे थांबवून स्वतःहून नादारीचा अर्ज केला. तो मंजूर होताच कंपनीविरुद्धच्या वसुलीला कायद्याने स्थगिती आली. तिकिटांचे पैसे भरलेल्या प्रवाशांना धनको म्हणून आपापले दावे मांडणे भाग पडले आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश झाला. नादारी संहितेतील वाटपाची उतरंड पाहा. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारणधारी बँका. मग इतर नोकरांचे पगार. मग विनातारण वित्तीय कर्जे. मग सरकारी देणी. आणि त्यानंतर ‘उरलेली देणी’. आगाऊ पैसे दिलेला ग्राहक बहुधा या उरलेल्यांत असतो. कामगार त्याच्या वर आहे हे योग्यच आहे, त्याबद्दल आपली तक्रार नाही. पण बँकेने तारण घेऊन दिलेले कर्ज वर आणि विधवेने भिशीत भरलेले पैसे तळाशी, ही उतरंड न्यायाची नव्हे.

ती बदलता येते, हेही सिद्ध झाले आहे. २०१८ साली सदनिका-खरेदीदारांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. न्यायालयाने मान्य केले की खरेदीदारांचा पैसा हा प्रकल्पाला केलेला वित्तपुरवठा आहे. जे सदनिकेला लागू, ते शिकवणीला आणि भिशीला का लागू नसावे?

आपले काम

तेव्हा आपण काय करावयाचे? माझ्या मते दोन पातळ्यांवर काम आहे.

पहिले काम शाखेच्या पातळीवरचे. प्रत्येक तालुका कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ या प्रश्नासाठी राखून ठेवावी. एक कार्यकर्ता मागणीपत्र लिहून देईल, दुसरा कागद लावून देईल, तिसरा तारखेला सोबत जाईल. एकाच धंदेवाल्याकडून अनेकांची फसवणूक झाली असेल तर आयोगाच्या परवानगीने समान हितसंबंध असलेल्या सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. नोंदणीकृत ग्राहक संस्थेलाही तक्रार करता येते. एकट्याने गेलेला तक्रारदार दहा हजारांच्या तडजोडीवर विकत घेतला जातो. चाळीस जणींची तक्रार विकत घेता येत नाही. न्यायालयीन लढाईने माणूस एकाकी होतो, चळवळ विस्कटते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो एकट्याने गेल्यास खरा ठरतो. कागदांची थैली हातात घेऊन चाळीस स्त्रिया आयोगाच्या दारात बसल्या, तर ती तारीखही एक सभाच असते.

दुसरे काम मागण्यांचे. ग्राहकांकडून ठराविक मर्यादेपलीकडे आगाऊ रक्कम घेणाऱ्या प्रत्येक धंद्याने, सेवा दिली जाईपर्यंत, ती स्वतंत्र खात्यात ठेवावी. शिकवणी वर्गांना तीन महिन्यांहून अधिक काळाचे शुल्क एकदम घेण्यास राज्याच्या कायद्याने मनाई व्हावी. नादारीत आगाऊ पैसे दिलेल्या व्यक्तिगत ग्राहकांचा क्रम कामगारांच्या पाठोपाठ लागावा. आणि जिल्हा आयोगांची पदे रिकामी होण्यापूर्वीच भरली जावीत. तेथे दरखास्तीच्या कामासाठी स्वतंत्र वसुली अधिकारी असावा. यांतील एकही मागणी अव्यवहार्य नाही. घरबांधणीत यांतील बरेच कायद्याने आधीच आले आहे.

शेवटी एक गोष्ट सांगतो. आगाऊ पैसा स्वभावतः वाईट नाही. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी, बहुतेक विणकर आणि कारागीर, मिळून अठ्ठावीस पौंड आगाऊ जमविले आणि त्यावर आपले छोटे दुकान थाटले. आधुनिक ग्राहक सहकाराचे मूळ तेथे आहे. त्यांनीही पैसा आधीच दिला होता. पण त्या पैशाबरोबर दुकानाच्या कारभारात प्रत्येकाला एक मत मिळाले होते, हिशेबवही पाहण्याचा अधिकार मिळाला होता आणि नफ्यात वाटा मिळाला होता. पैसा पुढे करणाऱ्याला सत्ताही मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्या विणकरांना उमगले होते. खाजगी धंद्यात ग्राहक भांडवल पुरवितो आणि बाहेर उभा राहतो. जोवर त्याला आत घेणाऱ्या संस्था आपण उभ्या करीत नाही, तोवर निदान बाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाची पावती हातात घेऊन त्याच्याबरोबर आयोगाच्या दारापर्यंत जाणे, हे आपले कर्तव्य ठरते. येथून परतल्यावर आपापल्या वस्तीत अशी किती माणसे आहेत, कोणाचे किती पैसे कोणाकडे अडकले आहेत आणि त्यांतील कोणाची दोन वर्षांची मुदत संपत आली आहे, याची यादी प्रत्येक शाखेने करावी. पुढील अभ्यासवर्गात आपण त्या याद्यांवरून बोलू.